पूर्वेकडच्या चार वर्गखोल्या

चौथीच्या वर्गाचं दार महिनाभर नीट लागत नव्हतं. सुताराने दोनदा रंधा मारला, तरी वरच्या कोपऱ्यात ते अडकायचंच. नगरपालिकेचे अभियंते दुरुस्तीची मोजमापं घ्यायला शाळेत आले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी जाता जाता ते दाखवलं.

"हेही यादीत घाला, साहेब. पण आधी मुलींची स्वच्छतागृहं. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, त्या परतच येत नाहीत."

अभियंत्यांनी दार दोन-तीनदा उघडलं, लावलं. दार फुगलेलं नव्हतंच. वरची तुळई खाली आली होती.

त्यांनी हातोडी मागवली आणि बाकावर चढून तुळईवर ठोकलं. बद्द आवाज आला. गिलाव्याचा वहीएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. आतल्या सळ्या गंजून पिठूळ झाल्या होत्या. त्यांनी मोजल्या. तीन. नकाशात पाच होत्या. ते त्यांना नकाशा न बघताच ठाऊक होतं, कारण चोवीस वर्षांपूर्वी, नोकरीला नवीन असताना, शाळेची ही पूर्वेकडची बाजू त्यांच्याच देखरेखीखाली बांधली गेली होती.

कचेरीत परतल्यावर त्यांनी जुनं मोजमाप पुस्तक शोधून काढलं. 'सळ्या प्रत्यक्ष तपासल्या' असं लिहून खाली त्यांची सही होती, तरुणपणीची, ऐटीत शेपूट ओढलेली. स्लॅबचं काँक्रीट रविवारी ओतलं गेलं होतं, सळ्या आत झाकल्या गेल्या होत्या. ते सोमवारी गेले होते आणि सही करून आले होते. ठेकेदार केव्हाच वारला होता, त्याच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक बसली. नगराध्यक्ष, मुख्याध्यापिकाबाई, अभियंते आणि लेखापाल बाई. या बाईंना सगळी कचेरी पाठीमागे कात्रीबाई म्हणायची. त्यांच्या टेबलावरून कुठलंही बिल धडपणे पुढे जात नसे.

"निधी आलाय, वर्षअखेरीपर्यंत संपवायचाय," नगराध्यक्ष म्हणाले. "गळती, रंग आणि बाईंची स्वच्छतागृहं. बसतंय सगळं. सह्या करू या."

"पूर्वेकडच्या चार खोल्या आजच रिकाम्या करायला हव्यात," अभियंते म्हणाले.

त्यांनी तुळईचं सांगितलं, सळ्यांचं सांगितलं. खर्च आलेल्या निधीच्या तिप्पट होता.

नगराध्यक्षांनी चष्मा काढला. "हे तोंडी सांगितलंत ना? मग तोंडीच राहू द्या. पुढच्या वर्षी बघू. चोवीस वर्षं उभी आहे, काही महिन्यांनी काय होतंय."

"कशावरून म्हणता तीन सळ्या?" कात्रीबाईंनी विचारलं. "मोजमाप पुस्तकात तर तपासल्याची नोंद असणार."

अभियंत्यांनी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. "नोंद आहे. सही माझी आहे. मी तपासल्या नव्हत्या."

कात्रीबाईंनी पान वाचलं, मग एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्या कुणाची कीव करणाऱ्यांतल्या नव्हत्या. "हे इतिवृत्तात घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि एकदा तिथं आलं, की नव्या सभागृहासाठी ठेवलेली रक्कम धोकादायक इमारतीकडे वळवता येते. तसा नियम आहे."

"सभागृहाची?" नगराध्यक्षांनी त्या सभागृहाच्या खुर्च्यासुद्धा स्वतः निवडल्या होत्या.

"स्वच्छतागृहांची रक्कमही जाईल. तरच बेरीज जमते."

"म्हणजे माझ्या मुली आणखी एक वर्ष घरी जाणार," मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "मुलं बसवायची कुठं?"

"इथं," नगराध्यक्ष म्हणाले. त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "ही खोली, बाहेरचा हॉल. आणखी कुठं बसवणार?"

त्याच दुपारी बाक हलले. पुढे पूर्वेकडचा गिलावा उतरवला, तेव्हा आणखी दोन तुळयांत तीन-तीनच सळ्या निघाल्या. काम चौदा महिने चाललं. तोवर कचेरीत कर भरायला येणारे लोक पाढे ऐकत रांगेत उभे राहत. स्वच्छतागृहं त्याच्याही पुढच्या वर्षी झाली. तोपर्यंत सातवीच्या तीन मुलींनी शाळा सोडली होती.

अभियंत्यांना बैठकीनंतर पंधरवड्यात नोटीस आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत पूर्ण निवृत्तिवेतन मिळणार नव्हतं. संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी खुलासा लिहायला बसले. बायको शेजारी शेंगा सोलत होती. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, 'सदर रविवारी पत्नी प्रसूतीसाठी रुग्णालयात असल्याने मी कामावर हजर राहू शकलो नाही.'

तिचे हात थांबले. "अहो, आपली ताई शुक्रवारी झाली. रविवारी तुम्ही दवाखान्यात नव्हता. मी वाट बघत होते, तुम्ही दिवेलागणीला आलात."

"मग कुठं होतो मी?"

"घरी झोपला होतात. आई म्हणाल्या, दोन दिवसांचं जागरण झालंय, उठवलं नाही."

इतकी वर्षं त्यांना ते दवाखान्यातलं बाकडं अगदी स्पष्ट आठवत होतं.

"राहू द्या दवाखानाच," ती म्हणाली. "कोण विचारायला येणार आहे?"

"कुणीच नाही."

त्यांनी ती ओळ खोडली, पण खाडाखोड बरी दिसेना, म्हणून नवा कागद घेतला. लिहिलं, 'सदर रविवारी मी घरी होतो. झोपलो होतो.' खाली तारीख घातली आणि सही केली.