वरचा सूर कुणाचा

भोंगाला तिच्या बाबांच्या एकाच सवयीची लाज वाटायची. दिसेल ते अक्षर ते मोठ्यानं वाचायचे. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदाच, त्यामुळे रस्त्यानं चालताना सुरू असायचं, "'चाव्या करून मिळतील.' त्या 'मि'ची वेलांटी बघ, छत्री उलटी झाल्यासारखी!" भोंगा हे नावही त्यांनीच ठेवलेलं. मुलगी झोपेतसुद्धा बोलते म्हणून.

पण त्या सकाळी बापलेक लॅपटॉप घ्यायला निघाले होते, तेव्हा पाट्यांसकट सगळं माफ होतं. भोंगाचं गाणं शाळेच्या कार्यक्रमात वाजलं होतं, तेही व्हिडिओसकट! वर्गाच्या ग्रुपवर टाळ्यांचा नुसता पाऊस. "सगळं मीच केलं, बाबा," ती घरी येऊन म्हणाली होती. "वाद्यं, गाणं, व्हिडिओ, सगळं." तेव्हापासून बाबा गिऱ्हाइकांना धरून धरून तो व्हिडिओ दाखवत होते. शेवटी तो लांबलचक वरचा सूर लागला की हातातला ब्रश हवेत थांबायचा. "हे! हे ऐका! माझी पोर आहे ही!" मग एके दिवशी तेच म्हणाले, एवढं येतंय तर तुझं स्वतःचं मशीन हवं.

आता खरं सांगायचं तर गाणं भोंगानं लिहिलं होतं आणि गायलं होतं. बाकी सगळं मुंगीचं. मुंगी तिच्या बाकावर बसायची आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायची. मावशीच्या जुन्या, तव्यासारख्या तापणाऱ्या लॅपटॉपवर तिनं ते गाणं रचलं होतं, आणि तेव्हा भोंगा शेजारी बसून बिस्किटं खात होती. शाळेत भोंगा सगळ्यांना "मी, मी" करत सुटली तेव्हाही मुंगी काही बोलली नाही. काही बोलत नाही म्हणजे तिला चालतंय, असं भोंगानं आपल्या सोयीनं ठरवून टाकलं.

लॅपटॉपचं दुकान एक बाई चालवायच्या. कपाळावर चष्मा, हातात स्क्रूड्रायव्हर.

"म्युझिक प्रॉडक्शन आणि थोडंसं व्हिडिओ एडिटिंग," भोंगानं ऐटीत सांगितलं. आरशासमोर सात वेळा सराव केला होता. "आणि मला हा हवाय." काचेतला सडपातळ, गुलाबी.

"दिसायला गोड आहे," बाई म्हणाल्या. "पण रॅम आठ, ती वाढवता येत नाही. वाद्यं वाढली की धापा टाकेल. हा बघ." त्यांनी एक जाडजूड, करड्या रंगाचा लॅपटॉप पुढे सरकवला. "सोळा रॅम, जागा भरपूर, पंखा शांत. माइकजवळ पंखा घोंघावला तर तोही गाण्यात गातो."

"हा तर डबा दिसतोय, डबा!"

"मग भांडायचं कशाला? फोनवर सांगितलं होतं ना, तुझं सगळ्यात जड काम घेऊन ये. दोन्हींवर चालवून बघू."

भोंगानं पेन ड्राइव्ह काढला. मुंगीचा, गाणं आणि व्हिडिओ दोन्हींचं काम असलेला. 'एक कॉपी माझ्याकडे ठेवते, हरवायला नको,' असं सांगून कालच मागून घेतलेला. उघडलं की रंगीत पट्ट्या दिसतील, बाबांना त्यातलं काय कळणार, असा तिचा हिशेब.

गुलाबी लॅपटॉप मध्येच अडखळला. करड्यावर गाणं सुरळीत चाललं. पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या आणि प्रत्येकीच्या टोकाला बारीक अक्षरांत नाव. बाबा पुढे वाकले.

"'भोंगा, एक,'" बाबांनी वाचलं. खणखणीत. "'भोंगा, सुरात आणलेला.' 'भोंगा खोकली, कापणे.' 'भोंगा, तीन तुकडे जोडून.'" ते हसले. "स्वतःलाच भोंगा म्हणतेस होय गं?" मग शेवटची पट्टी. "'वरचा सूर. हा मी गायलेय. तिला सांगायचं नाही.'"

नेमका तेव्हाच तो सूर लागला.

बाईंनी चष्मा उगाच पुसला. भोंगाचे कान इतके तापले की त्यांवर पापड भाजून निघाला असता. हे तिलाही माहीत नव्हतं! तिचा फाटका आवाज मुंगीनं गुपचूप झाकला होता, आणि तिनं मात्र मुंगीलाच झाकून टाकलं होतं.

"ही 'मी' कोण?" बाबांनी हळू विचारलं.

"मुंगी." भोंगा आज पहिल्यांदाच हळू बोलली. "सगळं तिनंच केलंय, बाबा. व्हिडिओपण. मी नुसतं लिहिलं. आणि... खोकले."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खिशातून रुमाल काढून नसलेला घाम पुसत बसले.

"मी सगळ्यांना सांगितलं," ते म्हणाले. "त्या न्हाव्याला तर तीनदा." मग रुमाल खिशात ठेवत, "मोठ्या पाटीवर आखणी एकाची आणि रंग दुसऱ्याचा असला, तर कोपऱ्यात दोघांची नावं टाकतो आम्ही. बारीक का होईना, पण दोघांची. तुझ्या व्हिडिओत शेवटी काय लिहिलंय?"

भोंगाला ते पाठ होतं. गीत, गायन, संगीत, संकलन आणि खाली एकच नाव, पडदा भरून. मुंगीनं आधी दोघींची घातली होती; 'एकच शोभून दिसतं गं' म्हणून भोंगानंच एक काढायला लावलं होतं.

"व्हिडिओची चाचणी राहिलीच आहे," बाई अगदी सहज म्हणाल्या. "करून घे."

भोंगा करड्या डब्यापुढे बसली. व्हिडिओचं शेवटचं पान उघडलं. टाइप करताना दोनदा चुकलं. संगीत आणि संकलन यांच्यापुढे तिनं मुंगीचं हजेरीतलं पूर्ण नाव लिहिलं. गायनापुढे दोघींची.

"तिची अक्षरं लहान आलीत," बाबा म्हणाले. तिनं मोठी केली.

व्हिडिओ तयार होऊ लागला. निळी रेघ सावकाश पुढे सरकत होती. पंख्याचा आवाज मुळीच नव्हता, त्यामुळे भोंगाला स्वतःचं नाक ओढणं मात्र लख्ख ऐकू येत होतं.

"हाच घेऊ," ती म्हणाली. "पण आधी मुंगीला दाखवू. तिला पटला तरच. वापरणार आम्ही दोघी."

तिनं व्हिडिओ फोनवर घेतला आणि वर्गाचा ग्रुप उघडला. वरती अजून त्या टाळ्या होत्या, सगळ्या तिच्या नावानं. तिनं खाली लिहिलं, 'आधीचा व्हिडिओ खोटा होता. हा खरा. वरचा सूर मुंगीचा आहे.' अंगठा तिथंच थांबला. आता सगळा वर्ग वाचणार. आणि मुंगीही.

बाबा तिच्या खांद्यावरून वाकले. पडद्यावर दिसलं ते त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"'पाठवा.'"