अस्वल, थ्रू प्रॉपर चॅनेल

वनरक्षक म्हणून कुरखेड्याकडच्या जंगलात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मला एक कोडं पडलं. वनमजूर बुधूभाऊ वडिलांच्या वयाचे, पण चौकीत माझ्यासमोर खुर्चीला टेकायचेसुद्धा नाहीत. जंगलात मात्र आम्ही दोघंच असलो की पुढे तेच, आणि वर मलाच खुशाल हुकूम, "थांबा मॅडम. हलू नका." मी निमूट थांबायचे.

एकदा न राहवून विचारलंच. ते हसले. "जंगलात ज्याले दिसते तो पुढं, मॅडम. हापिसात ज्याले खुर्ची तो."

मग आमचे वनाधिकारी साहेब पाहणीला आले. होतं जंगलच, पण त्या दिवशी रांग खुर्चीप्रमाणे लागली. पुढे साहेब, मग वनपाल हेमराज सर, मग मी, आणि साहेबांची पाण्याची बाटली धरून शेवटी बुधूभाऊ. ज्याला दिसतं तोच सगळ्यांत मागे!

तासाभराने बुधूभाऊ माझ्या कानाशी लागले. "वारूळ ताजं उकरलं हाये. पिल्लावाली अस्वल जवळच हाये. साहेबाले थांबवा."

मी हेमराज सरांना सांगितलं. ते डाफरले, "साहेब बोलून राह्यले नं? संपू दे."

साहेब रोपवनाबद्दल बोलतच चालले होते. समोरचं झुडूप हललं. नोकरी अजून कच्चीच होती, पण तोंडातून निघून गेलं, "थांबा! हलू नका!"

साहेब जागीच थिजले. दहा पावलांवर अस्वलाची मादी उभी राहिली, पाठीवर दोन पिल्लं. तिने आम्हाला पाहिलं, फुसफुसली आणि वळून गेली.

दुसऱ्या दिवशी हेमराज सरांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला: वरिष्ठांवर आवाज का चढवला?

बुधूभाऊ म्हणाले, "माह्यं नाव लिवा. बुधूच ओरडला म्हना."

मला लाज वाटली. मी खरं तेच लिहिलं. ओरडले मीच, पण खबर बुधूभाऊंची होती. साहेबांपर्यंत चढायला तिला तीन पायऱ्या होत्या, अस्वलाला एकच झेप.

साहेबांनी त्यावर शेरा मारला नाही. पुढच्या पाहणीला मात्र जंगलाच्या तोंडाशी ते थांबले, बाजूला सरले आणि म्हणाले, "बुधूभाऊ, तुम्ही पुढे व्हा."

साहेबांच्या तोंडी 'भाऊ'!

बुधूभाऊ हलेनात. त्यांनी हेमराज सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाटली छातीशी धरून तसेच उभे राहिले. हेमराज सर मला आणि मी त्यांना सांगेपर्यंत त्यांच्या दृष्टीने हुकूम आलेलाच नव्हता.