सीटमागचा खुळखुळा

चिगुसाच्या बाबांनी अट घातली ती जेवताना, मिसो सूपच्या वाटीतून डोकंसुद्धा वर न काढता.

"रविवारी ट्रॅकवर ओकुदाच्या गाडीमागे तीन फेऱ्या मार. शेवटच्या सरळ पट्ट्यावर तुम्ही दोघं मला एकदम दिसलात, तर गाडी तुझी. नुसता ओकुदाच दिसला, तर सोमवारी नागोयाचा माणूस घेऊन जाईल."

गाडी म्हणजे बाबांची दोन सीटची लाल गाडी. चिगुसा पहिलीत होती तेव्हा घरात आलेली, आणि कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली. नागोयाचा तो हौशी संग्राहक तिच्या मागे लागला होता तो याचसाठी. बाबांची नजर अधू झाली तसं त्यांनी लायसन्स स्वतःहून परत केलं होतं. चालवायला कुणी नसेल तर ती गाडी नाही, पत्र्याचं कपाट आहे, असं त्यांचं म्हणणं.

"आणि त्याआधी काही बदल केले तर?"

"कर की. पण काढलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवायचा. सोमवारी परत बसवावा लागेल."

"लागलाच तर," चिगुसा म्हणाली.

तिचा नवरा तोमोनारी दहा महिन्यांच्या नागीला पेज भरवत होता. "जिंकलीस तर आपण तिघं बसणार कुठे? मी बॉनेटवर?"

"तू बसने ये."

ओकुदाकाका बाबांचे जुने दोस्त. स्वतःचं गॅरेज, आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर नवशिक्यांना पुढे राहून वाट दाखवण्याचं काम. चिगुसा त्यांच्याकडे गेली ती मोठा सायलेन्सर आणि डिकीवर लावायचा, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा स्पॉयलर मनात धरूनच.

"वेग हवाय की आवाज?" काकांनी विचारलं.

"दोन्ही."

"आवाज तुझ्या लेकीकडे भरपूर आहे, तिचा घे. इंजिनला हात लावायचा नाही. चांगले टायर, ब्रेकचे पॅड, ब्रेकचं ऑइल, आणि चाकं सरळ करून घेऊ. बाकी सगळं तुझ्या उजव्या पायात."

जरा हिरमुसली ती. पण नागी दुपारी झोपली की शेडमध्ये शिरायची, आणि एकदा हात काळे झाले की हिरमोड कुठल्या कुठे पळायचा. जुनं ब्रेक ऑइल बाहेर आलं ते उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं. तोमोनारी आत बसून पेडल दाबायचा, ती चाकापाशी आडवी पडून स्क्रू सैल करायची.

"दाब. धरून ठेव. सोड."

"लग्नानंतर तू माझ्याशी इतकं पहिल्यांदाच बोलतेयस."

"दाब म्हटलं ना."

वजन कमी करायचं म्हणून तिने स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणीही काढली. फळीवर वर्तमानपत्राची पुडकी एकावर एक चढत गेली.

रविवारी ट्रॅकभोवतीचे चहाचे मळे उन्हात चकाकत होते. डिकीत आणि सीटखाली काही सुटं राहिलं नाही ना, हे काकांनी वाकून पाहिलं. कठड्यापाशी बाबा उभे, कडेवर नागी, तिच्या कानांवर डोक्याएवढे कानझाकण. हेल्मेटच्या आत चिगुसाचं हृदय असं धडधडत होतं की इंजिन सुरू आहे की नाही, हे काट्याकडे बघून खात्री करावी लागली.

काकांची पांढरी गाडी निघाली. चिगुसाही निघाली. पहिल्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला आणि नवे पॅड असे चावले की मान पुढे लवली. पाय झटकन उचलला, स्टिअरिंग ओढलं. टायरांनी रस्ता धरला, ती खुदकन हसली, आणि तेवढ्यात कानामागे वाजलं. खुळ्ळ.

नागीचा खुळखुळा. लाकडी दांडीचा, पितळी घुंगराचा. त्याच्यासाठी सगळं घर पालथं घातलं होतं, आणि हा सीटमागच्या अस्तरात जाऊन बसलेला. पुढच्या वळणावर खुळ्ळ, त्याच्या पुढच्यावर खुळ्ळखुळ्ळ. मोठा सायलेन्सर लावला असता तर ऐकूही आला नसता. दरम्यान काकांची गाडी लहान होत चालली होती. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला सरळ पट्ट्यावर चिगुसा एकटीच होती. बाबांनाही ते दिसलं असणार.

"गप रे," ती खुळखुळ्यावर खेकसली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की हा वाजतो तो तिच्याच धसमुसळेपणाने. नागी खांद्यावर झोपली असती तर केव्हाच दचकून उठली असती.

पुढच्या वळणाआधी तिने ब्रेक घट्ट दाबला, पण सोडला तो झोपलेल्या लेकीच्या मानेखालून हात काढावा तसा. हलके, हलके, अजून हलके. गाडीचं नाक खाली दबलेलंच राहिलं आणि स्टिअरिंग नुसतं वळवलं तशी ती आत वळली. कानामागे चिडीचूप. वळणातून बाहेर पडताना वेग इतका होता की चिगुसा स्वतःच चपापली. पुढचं वळण, चूप. उताराचं वळण, जरासं खुळ्ळ, मग चूप. पांढरी गाडी मोठी व्हायला लागली. तिसऱ्या फेरीत तिला काकांच्या नंबरप्लेटवरचे आकडे वाचता आले, आणि काका आरशात बघून आपला वेग वाढवतायत हेही कळलं. वाढवा, ती मनात म्हणाली, अजून वाढवा. शेवटच्या वळणातून दोन्ही गाड्या एकीला दुसरी बांधल्यासारख्या पट्ट्यावर आल्या.

गाडी थांबवून ती उतरली. अस्तरात कोपरापर्यंत हात घालून तिने खुळखुळा काढला आणि नागीच्या मुठीत दिला. नागीने तो आधी तोंडात घातला.

"काका मुद्दाम हळू चालले नव्हते ना?" तिने धापा टाकत विचारलं.

"त्याला विचार. शर्ट पिळतोय बघ तिकडे." बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. गरम टायरवर तळवा ठेवला, लगेच उचलला. "जुने पॅड कुठे ठेवलेस?"

"फळीवर. तुमच्या सांगण्याप्रमाणे, वर्तमानपत्रात गुंडाळून."

"उद्या भंगारात टाक. उगाच जागा अडवतात."

"आणि नागोयाचा माणूस?"

"त्याला मी कळवतो." बाबांनी नागीला तोमोनारीकडे दिलं आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं. "आता मला एक फेरी मारून आण. आणि तो खुळखुळा दे इकडे, माझ्या हातात राहू दे."