रिकाम्या स्टेजसमोर

टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत एखादं पोरगं गातं आणि समोर बसलेल्या बाया पदरानं डोळे पुसतात, ते रडणं खरं की खोटं? कोपरखैरण्यात याची पक्की माहिती राहीबाईंइतकी कुणालाच नसेल. त्या स्वतः तिथं जाऊन रडून आल्या होत्या.

नेलं शेजारच्या उज्ज्वलानं. "काकू, घरात बसून भिंतींशी काय बोलता? चला, टाइमपास होईल." भिंतींशी नाही तर कुणाशी बोलणार? नवरा मार्केटात माथाडी होता, तो जाऊन तीन वर्षं झाली. एकुलता एक शिवतेज दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. राहीबाईंनी फोन लावला की 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' असा मेसेज यायचा. ते 'नंतर' काही उगवत नसे.

महापेच्या स्टुडिओत गाणारे अजून मेकअपला बसले होते. शूटिंग आधी प्रेक्षकांचंच. टाळ्या झाल्या, हसून झालं. मग कानाला माइक लावलेली प्रिया नावाची मुलगी ओरडली, "मावशी लोक, आता रडायचं! घरचं काहीतरी आठवा!"

बाया एकमेकींना चिमटे काढून खिदळायला लागल्या. स्टेजवर एक माणूस वायर गुंडाळत होता, तोही निघून गेला. रिकाम्या फळ्यांकडे बघून कुणाला रडू येणार? पण राहीबाईंना शिवतेजची बॅग आठवली. निघताना तिची चेन लागत नव्हती. त्यांनीच वर गुडघा टेकवून ती ओढली होती, तीही हसत हसत, पोराचा पाय घरात अडकू नये म्हणून. ते हसू आता उलटलं. कॅमेरा अगदी जवळ आला. "मावशी, बास, शॉट मिळाला," प्रिया म्हणाली, तरी त्यांचं रडू थांबेना.

शनिवारी आठ वाजता राहीबाई फोन मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसल्या. 'आज टीव्ही बघ' असं शिवतेजला दोनदा कळवलं होतं. आपला चेहरा बघून तरी तो विचारेल, आई, काय झालं? एवढीच आस होती. टीव्हीवर एका स्पर्धकाची आई गावाहून अचानक स्टेजवर आली, त्यानं तिला मिठी मारली आणि त्या मिठीला राहीबाईंचं रडणं जोडलं होतं. एकदा नाही, तीनदा!

फोन वाजला.

"आई, बघितलं! काय रडलीस गं!" शिवतेज हसला. मग त्याचा आवाज खाली आला. "मी निघालो तेव्हा तुझ्या डोळ्यात टिपूस नव्हता. दुसऱ्याच्या पोरासाठी बरं रडू आलं तुला."

म्हणजे हे मनात धरून पोरगं दोन वर्षं बसलं होतं तर! राहीबाईंना राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. 'गाणंच तसं होतं' म्हणून झाकायची जुनी सवय जिभेवर आलीच होती. ती त्यांनी गिळली.

"शिवा, तिथं कुनी नव्हतं रं. ना त्यो पोरगा, ना त्याची आई. स्टेज मोकळं हुतं."

"मग रडलीस कशाला?"

"घरचं आठवा म्हनली ती पोरगी. मला तुझी बॅग आठवली."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. तीच जाहिरात फोनमधूनही ऐकू येत होती, जराशी मागे. तो आता 'नंतर करतो' म्हणेल म्हणून राहीबाई थांबून राहिल्या. जाहिराती संपल्या, पुढचं गाणं सुरू झालं. फोनमधूनही तेच गाणं येत होतं. शिवतेजनं फोन ठेवला नव्हता.