बॉयलरची वाट

चिंतामणराव रस्त्यांच्या कचेरीत कारकून. अवजड बोजा रस्त्यावरून न्यायचा तर परवाना लागे, आणि त्यातली वाट चिंतामणरावच आखत. साहेब नुसती सही ठोके. नियम असा की बोजा जाईल त्या वाटेवरचं सारं, मग तो मांडव असो की ओटा, सहा हात हटवायचं. चिंतामणरावांनी आजवर लोकांचे किती मांडव उतरवले, आणि वर "कायदा सगळ्यांना सारखा" हेही ऐकवलं.

प्लेगच्या आधल्या वर्षी, वैशाखात, परळच्या एका गिरणीचा बॉयलर गोदीत उतरला. चाळीस बैलांनी ओढायचं धूड. सरळ वाट चिंतामणरावांच्याच दारावरून जात होती, आणि दारात त्यांच्या लेकीच्या, सुभद्रेच्या लग्नाची मुहूर्तमेढ परवाच रोवलेली. रोवलेली मेढ लग्नाआधी उपटायची म्हणजे केवढा अपशकुन! चिंतामणरावांनी नकाशावर बोट सरकवलं आणि वाट शिवडीच्या कोळीवाड्यातून काढली. "रस्ता रुंद" असा शेराही मारला. रस्ता कसला रुंद, दोन खटारे समोरासमोर आले तर शिव्याच सुरू होत. मग स्वतः जाऊन कोळ्यांना दोन दिवस आधी सांगून आले. तेवढंच मनाचं समाधान.

बॉयलर गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंता कोळीण टोपली घेऊन दारात उभी.

"रावसाहेब, तुमच्या घरी लगीन हाय ना? ही पापलेटं घ्या. तुमी आदी सांगितलंत म्हणून आमची जाळी वाचली. नायतर आमच्या वाड्यात कोन येतंय सांगायला!"

"अहो बाई, हे कशाला..."

तिची नजर मेढीवर गेली. आंब्याचा डहाळा, हळदकुंकू, सगळं जागच्या जागी. तिनं हात जोडले.

"आमच्या रखमाचं पन सोमवारी लगीन हाय. मेढ रोवली व्हती, ती उपटायला लागली." ती घुटमळली. "लोकं कायबाय बोलतात. तुमी शिकलेले. पोरीला कायी व्हनार नाय ना?"

धरणीनं पोटात घ्यावं असं चिंतामणरावांना झालं. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच आत सुभद्रा हसली आणि त्यांनी ते परत मिटलं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"काही होत नाही," ते खाली बघत म्हणाले. "मेढ म्हणजे नुसतं लाकूड."

शेवंतेचा जीव भांड्यात पडला. टोपली रिकामी करून ती निघाली, आणि आपला माशांच्या वासाचा पदर त्यांच्या मेढीला लागू नये म्हणून चांगला लांबून वळसा घालून गेली.