पानाच्या वाटीतलं पिल्लू

दुपारी घर गप्प होतं, आणि मोरीत चमचा खणकन पडला.

भुंगीला मी झोपवलं होतं, निदान तसं मला वाटत होतं. कानाशी सतत प्रश्नांची भुणभुण, म्हणून तिचं घरातलं नाव भुंगी. मी उठून गेले, तर ती बालदीशेजारी उकिडवी बसलेली. पुढ्यात मी कामावरून आणलेलं झाड. त्याच्या पानांत साठलेलं पाणी ती चमच्याने ढवळत होती.

"काय चाललंय?"

"ह्याच्यात कुणीतरी आहे."

"डासाची अळी असेल."

"एवढ्या मोठ्या शेपटीची?"

मी बॅटरी आणून आत उजेड मारला. पानाच्या बुडाशी, काळपट गाळात बेडकाचं पिल्लू होतं. शेपूट धरून तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं. उजेड पडताच ते गाळात शिरलं.

मी ज्या बागेत काम करते तिथे एक मोठं काचघर आहे. बारमाही पावसाच्या जंगलात असते तशी उष्ण, ओली हवा आत राखावी लागते. हे झाड तिथल्या बेडकांच्या काचपेटीतलं. त्या जंगलात जमिनीवर ऊन पोचत नाही, म्हणून असली झाडं उंच फांद्यांना बिलगून राहतात. मुळं नुसती धरून बसायला. पाणी साठवायला पानांच्याच वाट्या. अंगठ्याच्या नखाएवढी लाल बेडकी या वाट्यांच्या जिवावर संसार करते. खाली ओढ्यात सोडलं तर मासे गट्ट करतील, म्हणून ती एकेक पिल्लू पाठीवर घेऊन वर चढते. प्रत्येकाला वेगळी वाटी, कारण एकत्र ठेवली तर भावंडंच एकमेकांना खातील. वाटीत पाण्याखेरीज काही नसतं. म्हणून ती दर थोड्या दिवसांनी येते आणि प्रत्येकाला स्वतःचं एक अंडं खाऊ घालते. फलित झालेलं नव्हे, निव्वळ खाण्यापुरतं. पिल्लू दुसऱ्या कशावर जगत नाही.

एकदा फुलून गेलं की हे झाड सुकत जातं. असल्या झाडात बेडकी पिल्लू ठेवत नाही, असं आम्ही काचघरवाले धरून चालतो. कामावर आलेल्या नव्या बाईलाही मी तसंच सांगितलं होतं. त्यामुळे वाट्यांत न डोकावताच मी झाड सोडवलं, त्याच्या जागी नवं बसवलं आणि हे बुडाशी आलेले फुटवे वाढवायला घरी आणलं. बेडकीला आमचा नियम ठाऊक नव्हता.

काचघरातले फवारे सांभाळणारे वाफकाका तिथले सगळ्यांत जुने. मी त्यांना स्पीकरवर फोन लावला आणि पिल्लाचं सांगितलं.

"काका, कोंबडीच्या अंड्याचा बलक घालू?"

"नको गं बाई. ते खाणार नाही आणि पाणी मात्र नासेल. जिवंत आहे ना?"

"हललं तर खरं."

"मग आत्ताच घेऊन ये. पाणी सांडू नकोस. कालसुद्धा ती लाल बया त्या जागेवर चढून गेली, नव्या झाडात डोकावली. मला वाटलं, फिरतीय आपली."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बेडूक? माझ्या मोरीत? विषारी असतात ना तुझ्याकडचे?"

"जंगलातले असतात, आई. तिथल्या मुंग्या-किडे खाऊन त्यांच्यात विष साठतं. आमच्याकडचे बिनविषारी."

"म्हणजे नुसताच रंगाचा रुबाब. मला माहितीयेत असली माणसं." एवढं बोलून त्यांनी स्वतःची लोकरी शाल आणून झाडाभोवती गुंडाळली. "पाणी गार पडेल गं. पिल्लू आहे."

बसमध्ये झाड माझ्या मांडीवर आणि भुंगी झाडावर नजर ठेवून. बस वळली की ती ड्रायव्हरला ओरडून सांगायची, "हळू! आमच्याकडे बाळ आहे!" लोक माझ्या मांडीवरच्या शालीकडे कौतुकाने पाहत होते. एका बाईंनी भुंगीसाठी जागा करून दिली. मी काही खुलासा केला नाही.

वाफकाकांनी नवं झाड काढून ठेवलं होतं. काचपेटीतल्या ओंडक्यावर जुनं झाड बांधलेल्या तारेचा वळ अजून दिसत होता. त्यांनी झाड त्या वळावर बसवलं, मान वाकडी करून पाहिलं, पुन्हा थोडं फिरवलं.

"एवढं नेमकं कशाला?" भुंगीने विचारलं.

"ती पिल्लाला चेहऱ्याने ओळखत नाही, बाळा. ती जागा ओळखते. वीतभर सरकवलं तरी हुकेल."

"जागेवर दुसऱ्याचं पिल्लू असलं तर?"

"त्यालाही भरवेल. चल, हात मागे. काचेला लावू नकोस."

आम्ही तिघं काचेपुढे बसलो. फवारा सुरू झाला, थांबला. पानांच्या टोकांवरून पाणी निथळलं. मी बॅटरीने एकदा वाटीत पाहिलं. पिल्लू तळाशी होतं आणि हलत नव्हतं. भुंगीला मी ते सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने ओंडक्याच्या खालच्या अंगाने लाल ठिपका वर सरकला. बेडकी पानाच्या कडेवर येऊन थांबली. डोकावली. मग वळून निघाली, ओंडक्यावर दोन उड्या लांब गेली.

"अगं, इकडे!" भुंगी कुजबुजली.

बेडकी परत आली. या वेळी ती वाटीत उतरली. पाणी थरथरलं. गाळातून पिल्लू वर आलं आणि आईच्या पोटाशी लागून सगळं अंग ताठ करून कापू लागलं. भूक लागल्याचं त्यांच्यात असंच सांगतात. बेडकीने वाटीतल्या वाटीत तोंड फिरवलं, मागचं अंग पाण्यात केलं आणि तशीच बसून राहिली.

"दिलं," वाफकाका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

बेडकी बाहेर आली, मागे न बघता शेजारच्या झाडाकडे गेली. पिल्लू खात होतं. मी भुंगीला उचलून कडेवर घेतलं. एरवी आता ती कडेवर येत नाही, पण त्या दिवशी आली. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ती बराच वेळ काचेकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "काल ती आली आणि इथे कुणीच नव्हतं. मग कालचं अंडं तिने कुणाला दिलं?"