पिवळं कापड बेतलेलंच राहिलं

मी उसेनू दियाताच्या दुकानातली शिलाई मशीन बोलतेय. दुकान डकारच्या वाकाम भागात, फ्रेंच लष्करी तळाच्या फाटकासमोर. बसल्या जागेवरून सगळं दिसतं, आणि खरं सांगू, दुसऱ्याच्या घरचं ऐकायची मला खोडच आहे.

जन्म माझा फ्रान्समधला. पिठाच्या पोत्यांसोबत बोटीने आले. तीच बोट इथले शेंगदाणे घेऊन परतली. दोन्ही देशांत व्यापाराचा करार, संरक्षणाचाही. माझ्या वाट्याला तळावरच्या सैनिकांच्या गणवेशांवरच्या नावाच्या पट्ट्या आल्या. वीस वर्षं शिवल्या.

शेजारच्या दारात यासिन फाय राहते. फाय आणि दियाता आडनावाच्यांनी एकमेकांना चिडवायचंच, अशी इथली आपलेपणाची रीत. रोज सकाळी ती म्हणायची, "काय रे भातखाऊ, पातेलं चाटून झालं का?"

"तुझ्याच घरचं चाटलं. तुम्ही फाय आमचे नोकर, दुसरं कोण वाढणार?"

चार वर्षांपूर्वी तबास्कीच्या सणाआधी तिने पिवळं कापड आणलं. लेकीचा लग्नानंतरचा पहिला सण. नवा झगा घालून सासरी जायचं होतं. उसेनूने कापड बेतलं, तेवढ्यात फाटकातून साठ गणवेश आले.

"उद्या देतो," तो म्हणाला. मग परत उद्या.

त्या दिवसांत माझा दोरा एकदाही तुटला नाही, याचंच आता वाईट वाटतं. तुटला असता तर त्याचं लक्ष त्या पिवळ्या तुकड्यांकडे गेलं असतं.

सणाच्या सकाळी यासिन आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तुकडे घमेल्यात भरले आणि गेली. लेक जुन्याच झग्यात सासरी गेली. त्या दिवसापासून यासिनचं सकाळचं चिडवणं बंद झालं.

पुढे करार संपला. झेंडा उतरला, सैनिक गेले, फाटक बंद झालं. माझ्या चाकावर धूळ बसली.

परवा उसेनू तिच्या दारात उभा राहिला. "यासिन, ते पिवळं कापड दे ना. आत्ता शिवतो."

"त्याच्या उशा केल्या हो," ती म्हणाली. "घरी सगळे बरे आहेत ना, दियातासाहेब?"

साहेब म्हणाली त्याला. तो परत आला, मला तेल घातलं आणि कापड नसतानाच पाय मारत बसला.

यासिन, तुझ्या सगळ्या उशांना मी अभ्रे शिवून देईन. उद्या सकाळी दारावरून जाताना त्याला एकदा भातखाऊ म्हण.